नाशकात उदास बँड आणि शेजारच्या लॉन्सवरचं लग्न

लेथमास्तर | रविवार, सकाळी १०:४०

काल भाचीने मला एका गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, नेलं. नेलं हाच शब्द बरोबर, कारण तिकीट तिने काढलं (७९९ रुपये, त्यात पाण्याची बाटलीसुद्धा नाही), जॅकेट कोणतं घालायचं ते तिने सांगितलं, मी फक्त गाडी चालवली. बँडचं नाव लिहीत नाही. पुढे आयोजकांना दोन शब्द सुनावणार आहे आणि त्यात पोरांचा काही दोष नाही. चौघं जण, बाहेरगावचे, हिंदीत गातात. दोन गिटार, बास, ड्रम्स. गाणारा मुलगा पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. भाची म्हणाली, मामा, याला मूडी म्हणतात. आमच्या आईने बघितलं असतं तर त्याला आधी जेवायला वाढलं असतं.

जागा: गंगापूर रोडच्या पुढे एक लॉन्स. हो, लग्नाचं. खुर्च्यांना पांढरी कव्हरं, पाठीमागे लाल बो. कमानीवरच्या 'शुभविवाह'वर काळं कापड टाकलं होतं, पण शेवटचा 'ह' बाहेर राहिला होता. कार्यक्रम सातचा, सुरू झाला आठ पंचवीसला. मधल्या वेळात सगळे खुर्च्या ओढून चार-चारचे गोल करून बसले, म्हणजे पंगतीची वाट बघतात तसे.

आता गाण्याबद्दल. मी या क्षेत्रातला नाही, अंबडला कारखान्यात आयुष्य गेलं. पण कॉलेजात असताना रॉकचं वेड होतं. आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला नाशिकहून मुंबईला, धोबीतलावच्या रंगभवनला जायचो, रात्र सीएसटीच्या बाकड्यावर काढायची आणि सकाळच्या तपोवनने परत. तेव्हाचं ऐकणं म्हणजे डोकं हलवणं. मान दोन दिवस दुखायची. कालचं तसं नव्हतं. एक गिटार दोनच कॉर्डवर पाच मिनिटं बसून राहिली. दुसरी अधूनमधून एक सूर टाकायची आणि पायाखालच्या पेडलने तो सूर परत परत यायचा, प्रत्येक वेळी थोडा फिका होत. बास फार कमी बोलत होता, पण थांबला की खुर्चीखालचं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं. शब्द निम्मे कळले नाहीत. तिसऱ्या गाण्यापर्यंत मला ते पटलं होतं. पाचव्या गाण्यापर्यंत मी बो लावलेल्या खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

आणि मग माझ्या मागून आवाज आला, "पाथर्डी फाट्याला गुंठा कितीला गेला?"

गाण्यात जिथे सगळे थांबतात आणि फक्त एक सूर विझत जातो, नेमकं तिथे. पुढच्या तीन ओळींतल्या माना वळल्या. त्या माणसाला वाटलं आपल्याला उत्तर मिळणार आहे.

पुढचं त्याहून भारी. साधारण नऊला शेजारच्या लॉन्सवर वरात आली. ढोल-ताशा, आपला नाशिक ढोल, पूर्ण ताकदीने. इकडे सगळ्यात हळू गाणं चालू. ड्रमवाला थांबला. चार आवर्तनं तो नुसता बसून होता. आणि मग त्याने मोठ्या टॉम ड्रमवर हळूच ढोलाचीच लय धरली. अंगावर काटा आला. थंडीचा नव्हे.

माझा प्रश्न साधा आहे. हे गाव ऐकणारं आहे असं आपण सांगतो. मग असल्या संगीताला नाशकात जागा कुठली? आणि आपण गप्प का बसत नाही?

तर्रीबाज | रविवार, १०:५२

मी पयला! धागा झकास. गुंठ्याचा भाव कळला का शेवटी?

लेथमास्तर | रविवार, ११:०५

नाही. नेमके तेव्हाच ड्रम्स सुरू झाले.

पिंपळपार_पहाट | रविवार, ११:३०

मास्तर, लेख आवडला, पण शेवटच्या प्रश्नावर हरकत आहे. दिवाळी पाडव्याला नेहरू चौकात पिंपळपारावर या. पहाटे पाचला लोक सतरंजीवर, पायऱ्यांवर, समोरच्या वाड्यांच्या ओट्यांवर बसलेले असतात. बाया नऊवारी नेसून, म्हातारी माणसं कानटोपीत. गाणारा षड्जावर आला की शेंगदाण्याच्या पुडीचा आवाज येत नाही. हेच नाशिककर. म्हणजे गप्प बसता येतं आपल्याला. फक्त कुणासमोर गप्प बसायचं हे आधी सांगावं लागतं.

विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात इथेच स्थायिक झाले, पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ चा, नाशिकचाच. विष्णुबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं हे सगळे सांगतात. पण राजेरजवाड्यांच्या बैठकीतून गाणं बाहेर काढून तिकीट लावून सामान्य लोकांसमोर मांडणाऱ्या पहिल्या काही गवयांपैकी ते होते, हे विसरतात. तिकिटामागे विचारही होता: गवई हा आश्रित नाही आणि श्रोता हा पाहुणा नाही. तुमच्या ७९९ रुपयांत ते दुसरं अर्धं वसूल झालेलं दिसत नाही.

कॉलेजरोड०४ | रविवार, १२:१०

मी पण होते तिथे. आधी एक स्पष्ट करते: बोलणारे आमच्या वयाचे नव्हते. पुढे उभी असलेली सगळी पोरं गप्प होती, काही जण गाणी पाठ म्हणत होते तेही ओठातल्या ओठात. मागचे काका लोक पासवर आलेले. ज्याने तिकीट काढलं तो बोलत नाही, ज्याला पास मिळाला तो बोलतो. कुठेही बघा.

दुसरं, याला 'उदास' म्हणून मोकळं होऊ नका प्लीज. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड ऐका, २००९ पासून आहेत, त्यांच्यात जुन्या क्लबातल्या नाचगाण्याची झाक आहे आणि एक तिरकस विनोद. बंगळुरूचा परवाझ उर्दू आणि काश्मिरीत गातो, तिथे दुःख आहेच पण ते पसरट, डोंगरासारखं. अॅजवीकीपसर्चिंगमध्ये तर बहुतेक वेळा गाणाराच नाही, नुसती वाद्यं, आणि तरी तुम्ही शेवटी दमलेले असता. तिन्ही एका पेटीत टाकायचे आणि वर 'रडकं' लिहायचं हे घरी बाबा करतात, इथे नको.

आणि तिसरं, पिंपळपार काका, हरकत नाही, पण प्रत्येक गोष्टीला शास्त्रीय संगीताची फूटपट्टी का? आम्हाला सतरंजी नकोय. उभं राहून, डोळे मिटून, शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागलेला, तसं ऐकायचंय. गप्प राहणं आणि शिस्तीत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिंपळपार_पहाट | रविवार, १२:२५

मान्य. शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

पुणेकर_नाइलाजाने | रविवार, १३:००

यासाठीच लोक पुण्याला येतात. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० ला इथेच सुरू झाला, आम्ही तेव्हापासून चिखलात उभं राहून ऐकतोय. नाशिकला द्राक्षं उत्तम. (हघ्या, हलकेच घ्या)

तर्रीबाज | रविवार, १३:०४

पुणेकर, चांदणापुरी घाट उतरून यायला जमलं तर या, मिसळीबरोबर पापड फुकट देतो आम्ही. तुमच्याकडे त्याचे वेगळे पैसे लागतात.

समृद्धीवाला | रविवार, १३:४०

मोठं बघायचं असेल तर मुंबई. जानेवारी २०२३ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव भारतात पहिल्यांदा झाला तेव्हा आम्ही तिघे गेलो होतो. सिगारेट्स आफ्टर सेक्स हा अमेरिकन बँड त्यात होता, म्हणजे तुमच्या कालच्या पोरांचे थोरले चुलते समजा, सगळं संथ आणि धुक्यातलं. गर्दी एवढी की तुम्ही बँड ऐकता पण पडद्यावर बघता. परतीला कसारा घाटात ट्रकच्या मागे पहाट झाली होती. आता जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे समृद्धी खुली आहे, घाट टळतो, रात्री गिग संपवून घरी येता येतं. त्यामुळे 'नाशकात जागा' हा प्रश्न थोडा मागे पडलाय असं माझं मत.

लेथमास्तर | रविवार, १४:१५

समृद्धीवाले, उलट वाटतं. रस्ता झाला म्हणजे मुंबईचा बँडही दुपारी निघून संध्याकाळी इथे वाजवून रात्री परत जाऊ शकतो. हॉटेलचा खर्च वाचतो. रस्ता दोन्ही बाजूंनी जातो.

फेडरखाली | रविवार, १६:५०

साउंडच्या धंद्यात पंधरा वर्षं आहे (कालचा साउंड माझा नव्हता, आधीच सांगतो). पण मी कन्सोलच्या जवळ उभा होतो, म्हणून थोडं लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

शब्द का कळले नाहीत? मुलगा खर्जात गातो. त्याचा आवाज १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास फिरतो. बासचे वरचे सूर आणि गिटारच्या जाड तारा नेमक्या तिथेच. तीन वाद्यं एका खोलीत कोंबली की आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि ती वर, साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असतात. या शैलीत गळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, भरपूर लागतो, म्हणजे 'त' संपायच्या आत 'त'ची सावली पुढच्या अक्षरावर पडते. त्यामुळे खालचं थोडं कापायचं, वरचं थोडं उचलायचं, रिव्हर्ब ओळीच्या शेवटी सोडायचा. काल तो सुरुवातीपासून चालू ठेवला होता, नळ उघडा राहावा तसा.

त्यात मागे पत्र्याची शेड. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. खुर्च्यांपासून शेड ३५ मीटर धरा. जाऊन परत यायला पाव सेकंदाच्या थोडं आत. म्हणजे मागे बसलेल्याला प्रत्येक ठोका दोनदा. गुंठेवाले बोलत होते त्याचं समर्थन नाही, पण त्यांच्या खुर्चीवर खरंच गाणं पोचत नव्हतं.

आता शेजारचा ढोल इतका जवळ का वाटला. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, आवाज वर वळून निघून जातो. डिसेंबरच्या रात्री उलटं. जमीन लवकर गार पडते, तिच्यावर गार हवेचा थर बसतो, वरची हवा त्या मानाने उबदार, आणि आवाज खाली वाकतो. गंगापूर धरणाच्या बाजूला तर हे हमखास. थंडीत निफाडकडच्या शेतात मैलभर लांबचं भजन ऐकू येतं ते यामुळेच. शिवाय ढोलाचा खालचा ठोका भिंतीला जुमानत नाही, वळसा घालून येतो.

थंडीवरून आठवलं. गिटारवाला प्रत्येक गाण्याआधी सूर लावत होता, कुणीतरी 'अजून शिकतोय वाटतं' म्हणालं. अहो, स्टीलची तार गारठली की आखडते आणि सूर चढतो. बासरीचं उलटं, गार हवेत ती उतरते. तो बिचारा खोलीतून थेट बाहेर आला होता.

आणि मास्तर, शेवटचा मुद्दा कडू आहे. ड्रमवाल्याने ढोलाची लय पकडली वगैरे नाही हो. त्याच्या कानात क्लिक होता, म्हणजे गती दाखवणारी टिकटिक. हे लोक ठरलेल्या गतीवर वाजवतात, पेडलवरचे परत येणारे सूर त्या गतीशी बांधलेले असतात. जुळलं तो योगायोग.

लेथमास्तर | रविवार, १७:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). इतकं चांगलं समजावून सांगितल्यावर शेवटच्या परिच्छेदाचा राग येऊ नये, पण आला. मी बघितलंय. योगायोगाने माणूस हसत नाही. तो हसत होता.

कॉलेजरोड०४ | रविवार, १७:४५

थांबा थांबा. मी नंतर टी-शर्ट घेताना त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ढोल सुरू झाल्यावर त्याला आधी वाटलं क्लिक बिघडला. म्हणून थांबला. मग कळलं की तो आवाज बाहेरून येतोय. मग कानातलं काढून टाकलं आणि जे ऐकू येत होतं त्यावर वाजवलं. गिटारवाल्याने पेडल बंद केलं, म्हणून त्या वेळी सूर परत येणं थांबलं होतं. आठवतंय का कुणाला?

फेडरखाली | रविवार, १७:५८

आठवतंय. मला वाटलं केबल गेली.

हरलो. मास्तर, चहा माझ्याकडून.

द्राक्षबागाईत | रविवार, १८:३०

जागेबद्दल. सुला वायनरीचं सुलाफेस्ट, तो संगीत महोत्सव, २००८ ला सुरू झालं तेव्हापासून बाहेरच्यांना वाटतं नाशिक म्हणजे द्राक्षमळ्यातलं उघडं प्रेक्षागृह. जागा देखणी आहे, पायऱ्यांवर बसा, समोर मळे. पण ते वर्षातून एकदा, आणि ती गर्दी वीकेंडच्या मूडमध्ये आलेली असते. मास्तर म्हणतात तसल्या गाण्याला दोनशे लोकांची बंद खोली हवी. कालिदास कलामंदिर मोठं आहे आणि नाटकांच्या तारखांतून मिळायला हवं. कुसुमाग्रज स्मारकात छोटे कार्यक्रम होतात, तिथला ऐकणारा माणूस तयार आहे. कुणी विचारून बघितलंय का? की सगळे आपले लॉन्सवालेच, कारण जनरेटर आणि पार्किंग तयार मिळतं?

कॉलेजरोड०४ | रविवार, १८:४१

आम्ही एका ठिकाणी विचारलं होतं (कुठे ते सांगत नाही). 'ड्रम सेट आणणार का' हा पहिला प्रश्न. हो म्हटल्यावर दुसरा प्रश्न आलाच नाही.

गोदाकाठची | रविवार, २१:१५

दुपारपासून वाचतेय, लिहू की नको करत होते. मी त्या लॉन्सच्या मागच्या सोसायटीत राहते. तिसरा मजला.

तुमच्यासाठी ती एक शनिवारची रात्र. आमच्यासाठी तुळशीचं लग्न लागलं की सीझन. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे २००० सालच्या नियमांत लिहिलेलं आहे, आणि ते मला पाठ आहे कारण मी ते फोनवर अनेकदा वाचून दाखवलंय. मुलाची दहावी होती त्या वर्षी आम्ही त्याला नाशिकरोडला बहिणीकडे ठेवलं. सासूबाईंची गोळी डीजे बंद झाल्यावरच लागू पडते. तेव्हा 'नाशकात जागा कुठली' याचं माझं पहिलं उत्तर 'माझ्या गॅलरीखाली नाही' असं होतं.

तर काल सातपासून चेकिंगचे धडधड आवाज आले आणि मी खिडक्या लावून घेतल्या. पावणेदहाच्या सुमारास कपडे काढायला गॅलरीत गेले, विसरले होते, दवाने ओले झाले असते. एका बाजूचं लग्न जेवायला बसलेलं होतं, ढोल बंद. आणि दुसऱ्या बाजूने एकच गिटार येत होती आणि तो मुलगा गात होता. शब्द मला सगळे ऐकू आले. फेडरखाली, तुमची ती गार हवेची गोष्ट वाचून आत्ता कळलं का ते.

मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले. ह्यांनी आतून विचारलं, काय झालं, कोण ओरडतंय? म्हटलं, कुणी ओरडत नाहीये, तेच तर. मग तेही आले. खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या गॅलरीत आधीच उभे होते, स्वेटर घालून, हाताची घडी. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. पाण्याच्या टँकरवरून भांडण आहे आमचं, ते तसंच आहे. दहाला पाच कमी असताना गाणं संपलं, आणि खरंच दहाला सगळं बंद झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

एवढंच विचारायचं होतं की ते शेवटचं गाणं कुठलं? 'उंबऱ्याशी' असं काहीतरी त्यात होतं. हिंदी गाण्यात मराठी शब्द आला म्हणून लक्षात राहिला. नेटवर शोधलं, सापडत नाही.

लेथमास्तर | रविवार, २१:३३

ताई, मी पहिल्या रांगेपासून वीस फुटांवर होतो आणि मला 'उंबऱ्याशी' ऐकू आलं नाही.

कॉलेजरोड०४ | रविवार, २१:५०

काकू, ते गाणं अजून रेकॉर्ड झालेलं नाही. पहिल्यांदाच वाजवलं काल. बास वाजवणारा आपल्याच बाजूचा आहे, सिन्नरकडचा, तो शब्द त्याने टाकलाय म्हणे. रेकॉर्ड झालं की लिंक इथेच टाकते.

गोदाकाठची | रविवार, २१:५८

टाक गं. आणि पुढच्या वेळी बँड येणार असेल तर आधी सांग, कपडे लवकर काढून ठेवते.

तर्रीबाज | रविवार, २२:०१

गॅलरीचं तिकीट कितीला लावताय ताई? गुंठ्याच्या भावाने नको.